आरशासमोर बसवणारं 1909 चं पुस्तक

नोकरी बदलावी की नाही, या घोळात चार महिने गेले. एका ऑनलाइन चाचणीने पैसे घेऊन 'तुम्ही सर्जनशील आहात' एवढंच सांगितलं. म्हणून थेट मुळाशी गेले: फ्रँक पार्सन्स यांचं 'चूझिंग अ व्होकेशन', म्हणजे व्यवसायाची निवड. 1908 मध्ये बोस्टनला व्होकेशन ब्युरो, म्हणजे व्यवसाय निवडायला मदत करणारं केंद्र, सुरू करून ते त्याच वर्षी वारले. पुस्तक त्यांच्या पश्चात, 1909 मध्ये आलं.

सूत्र साधं. स्वतःला ओळखा, कामाची माहिती काढा, मग दोन्हींची सांगड घाला. आजचे समुपदेशकही फिरून फिरून इथेच येतात. पण खरी मजा लांबलचक प्रश्नावलीत! आरशात बघा, मित्रांकडून आपले दोष खासगीत काढून घ्या, असं ते सांगतात. मी धाकट्या बहिणीला विचारलं. "ताई, तू समोरच्याचं वाक्य पुरं होऊच देत नाहीस." आणि मी कामाला कुठे, तर ग्राहकसेवेत.

डोक्याच्या ठेवणीवरून माणूस जोखायचा प्रकार मात्र सरळ सोडून द्या. बायकांना खुल्या असलेल्या कामांची यादीही शिळीच.

चार तारे. उत्तरांनी माझी अर्धी वही भरली. नोकरी अजून तीच आहे.