रायझन ५६००एक्स: फिक्स्ड ओव्हरक्लॉक की पीबीओसोबत कर्व्ह ऑप्टिमायझर?

एएमडीचा सहा कोअरचा रायझन ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड आणि बऱ्यापैकी टॉवर कूलर हाताशी असला की प्रश्न येतोच: मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झच्या मूळ क्लॉकचा गुणक) हाताने लावून सहाही कोअर एकाच क्लॉकवर बांधायचे, की पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, यात प्रोसेसर वाढीव मर्यादेत स्वतःच क्लॉक ठरवतो) चालू ठेवून कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज खाली आणायचं? दोन्ही करून झालंय. काहीही निवडलं तरी आधी एक्सएमपी (रॅमचा जास्त वेगाचा प्रोफाइल) बंद करा, नाहीतर चूक रॅमची आणि शिव्या प्रोसेसरला.

फिक्स्डचा मार्ग सरळ. मल्टिप्लायर ४५, व्होल्टेज १.२५, लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोड आल्यावर खाली जाणारं व्होल्टेज सावरणारी सेटिंग) मधल्या पायरीवर. सिनेबेंच आर२३ ही चाचणी अर्धा तास टिकली की २५ मेगाहर्ट्झ वर. पडलं की व्होल्टेज ०.०१२५ ने वाढवायचं. रोजच्या वापरात लोडखाली १.३ व्होल्टच्या पुढे मी तरी जाणार नाही. लोड-लाइन सगळ्यात कडक ठेवली तर लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळतं, आणि ती उसळी मॉनिटरिंग सॉफ्टवेअरला दिसत नाही. दिवसभर रेंडरिंग किंवा व्हिडिओ एन्कोडिंग चालत असेल तर हा पर्याय वाईट म्हणवत नाही.

मला खटकलं ते एकच. पाच कोअर ४.६५ गिगाहर्ट्झला आरामात चालतात, सहावा प्राइम९५ या ताण-चाचणीत चूक देतो. त्या एकासाठी सगळ्यांना ४.५५ वर आणावं लागतं. आता हाच प्रोसेसर काही न छेडता, एका कोअरच्या कामात स्वतःहून ४.६५ पर्यंत जात होता. म्हणजे रात्र रात्र टेस्टिंग करून ब्राउझर, एक्सेल आणि बऱ्याचशा गेम्समध्ये मशीन डब्यातून काढलं तेव्हापेक्षा किंचित हळूच. हे काही केल्या पटेना.

कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये प्रत्येक कोअरला वेगळा आकडा देता येतो. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. पीबीओच्या मूळ मर्यादा पीपीटी (एकूण वीज) ७६ वॉट, टीडीसी (सततचा करंट) ६० आणि ईडीसी (क्षणिक कमाल करंट) ९० अँपिअर. त्या ११०, ७५, ११० केल्या तरी पुरतं. ‘मदरबोर्ड’ हा पर्याय टाळा, त्यात बोर्ड शेकडो वॉट मोकळे सोडतो. बूस्ट ओव्हरराइड (कमाल बूस्टवर वाढवायचे मेगाहर्ट्झ) सध्या शून्य. सगळे कोअर उणे १० वर ठेवून सुरुवात करा.

इथली खोड वेगळी आहे, आणि ती आधीच माहीत असलेली बरी. सगळ्यांना उणे ३० लावलं तर सिनेबेंच बिनबोभाट पूर्ण होतं, आणि नंतर नुसता यूट्यूब उघडा असताना मशीन रीस्टार्ट होतं. सहाही कोअर भरलेले असताना क्लॉक खाली असतो, व्होल्टेजला जागा असते. हलक्या कामात एकच कोअर टोकाला पळतो, तिथे जागा उरत नाही. म्हणून कोअरसायकलर (एका वेळी एकच कोअर तपासणारं टूल) घ्या. एकेका कोअरला अर्धा तास, म्हणजे एक फेरी तीन तासांची. अशा दोन-तीन फेऱ्या रात्रभर.

तरीही रीस्टार्ट झालंच तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगरची (WHEA, हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा) १८ क्रमांकाची नोंद शोधा. तिच्यातल्या एपिक आयडीला (APIC ID, थ्रेडचा क्रमांक; एका कोअरचे दोन थ्रेड) दोनने भागा: ८ किंवा ९ असेल तर गुन्हेगार कोअर ४. मोजणी शून्यापासून. बहुतेक वेळा एएमडीच्या रायझन मास्टर सॉफ्टवेअरमध्ये सर्वोत्तम म्हणून खूण केलेले दोन कोअरच आधी पडतात, कारण सगळ्यात वरचा बूस्ट त्यांच्याच वाट्याला येतो. त्यांना उणे ५ ते १०, बाकीच्यांना उणे २० ते २५, इथे बहुधा गाडी थांबते.

एचडब्ल्यूइन्फो६४ या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये कोअर क्लॉकपेक्षा ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ (प्रत्यक्षात मिळालेला क्लॉक) पाहा. पूर्ण लोडवर दोन्हींत मोठी तफावत दिसली तर व्होल्टेज कमी पडतंय. आकडा मोठा, काम कमी.

नागपूरच्या मे महिन्यातही मला पीबीओच बरा वाटतो. खोली तापली की तो आपणहून थोडा क्लॉक सोडतो. फिक्स्डवाला जानेवारीतल्याच आकड्याला धरून बसतो, आणि हिवाळ्यात पास झालेली सेटिंग उन्हाळ्यात पडते. वॉरंटीच्या बाबतीत मात्र दोघांत फरक नाही, पीबीओमुळे झालेलं नुकसानही एएमडी भरून देत नाही.

आठवडाभर एकही नोंद आली नाही, तरच बूस्ट ओव्हरराइडला हात लावा: आधी ५०, मग १००, कमाल २००. दरवेळी कोअरसायकलर पुन्हा. जो कोअर पडेल त्याचाच आकडा दोन-तीन पायऱ्या शून्याकडे आणा, बाकीचे आहेत तिथेच राहू द्या. एक्सएमपी त्यानंतर.