'द डार्क साइड ऑफ द मून': एलपीवर की मोबाइलवर?

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा १९७३ सालचा हा अल्बम सुमारे ४३ मिनिटांचा, आणि त्यातली बहुतेक गाणी एकमेकांत मिसळतात. मोबाइलवर घोटाळा होतो तो इथेच. ॲपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं विरताना पुढचं त्यावर सुरू करणारी सोय) चालू असेल तर 'ब्रेन डॅमेज' संपण्याआधीच 'इक्लिप्स' त्यावर चढतं आणि ताल विस्कटतो. क्रॉसफेड शून्यावर आणा, गॅपलेस (दोन गाण्यांत खंड न पाडणारी सोय) चालू ठेवा, शफल बंद करा; मग सुरुवातीचे हृदयाचे ठोके अगदी स्वच्छ ऐकू येतात.

एलपीवर, म्हणजे सुईने वाजणाऱ्या तबकडीवर, याच ठोक्यांत धुळीची चरचर मिसळते, म्हणून आधी कार्बन फायबरचा ब्रश फिरवावा. मोठी अडचण आतल्या खाचांची. तबकडीच्या मध्याकडे जाताना सुईखालून खाच सरकण्याचा वेग जवळपास निम्म्यावर येतो, आणि पहिल्या बाजूला नेमका त्याच टप्प्यात गायिका क्लेअर टॉरीचा टिपेचा आवाज आहे. सुईचा कोन चुकला की तो फाटतो. कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन मापायच्या पट्टीवर, जुळवून घ्यावंच लागतं.

एवढी खटपट करूनही कौल एलपीलाच. टॉरीचा आवाज विरल्यावर तबकडी उलटायला उठावं लागतं, मग 'मनी'तली नाण्यांची आणि गल्ल्याची सात ठोक्यांची टेप-लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा टेपचा तुकडा) सुरू होते. मोबाइलवर ही दोन गाणी लगोलग येतात आणि तो धक्का बोथट होतो.