बेंदराच्या रंगाखालचं शिंग

बेंदूर आठ दिवसांवर होता, म्हणून बाजारात शिंगं लालभडक रंगवलेला खिलार बैल बघून मला काहीच वावगं वाटलं नाही. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, म्हणाला सहा दाती, म्हणजे चारेक वर्षांचा. बघतो तर दात जुळलेले, म्हणजे वय त्याहून जास्त. तिथंच उठायला हवं होतं. पण कोळपणी तोंडावर, जोडीतला एक बैल गेलेला, आणि भावासाठी उपरण्याखाली बोटं धरली की माझ्यासारखा भिडस्त माणूस मागं फिरत नाही. 58 हजारांना सौदा ठरला.

दुसऱ्या दिवसापासून बैल डोकं झटकायला लागला. मान उजवीकडं कलती, शिंग सारखं खुंट्याला घासायचा. फोन केला तर हेडी म्हणाला, "दादा, बेंदरासाठी शिंगं साळलीत, जरा खोलवर गेलं असंल." पटलंही. चौथ्या दिवशी उजव्या नाकपुडीतून रक्त आलं.

डॉक्टरांनी टर्पेंटाइनच्या चिंधीनं रंग पुसला. बुडाशी भेग, ती एम-सीलनं बुजवलेली. त्यांनी दोन्ही शिंगं बोटांनी वाजवली: डावं पोकळ वाजलं, उजवं बद्द. बूड गरम, हात लावला की बैल दचकायचा. शिंगाचा कॅन्सर. मोठ्या जनावराचं शिंग आतून पोकळ असतं, ती पोकळी कपाळाच्या हाडातून नाकापर्यंत जाते, म्हणून रक्त नाकातून येतं. हा रोग जास्त करून पाच ते दहा वर्षांच्या खच्ची बैलांना होतो, म्हणजे ऐन कामाच्या वयात. दाताचं खोटं कशासाठी होतं ते तेव्हा उमगलं.

नस बधिर करून शिंग बुडातून कापलं. आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं मांस, आणि वास असा की गडी बाहेर पळाला. तुकडा तपासणीला गेला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आला, म्हणजे कॅन्सरच. मग व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरवरच्या औषधाची इंजेक्शनं. तरी तीन महिन्यांत जखमेतून मांस परत वर आलं.

पावतीवर रंग, वय, किंमत एवढंच. हेड्याचा फोन बंद.

यंदा बाजारात जाताना खिशात टर्पेंटाइनची चिंधी ठेवली होती. एका जोडीपाशी ती काढली, शिंगाच्या बुडाला हात घातला, तर मालक म्हणाला, "पाहुणं, घ्यायचा नसंल तर रंग कशाला खराब करता?" आणि बैल फिरवून उभा केला. मी पुढं गेलो.