मार्खा खोऱ्याचा ट्रेक: स्वयंपाकाला पाच तारे, नियोजनाला दोन

माझी सांगलीत विश्रामबागेला मेस आहे. रोजचे साठ-सत्तर डबे. त्यामुळे कुठेही गेले तरी माझी नजर आधी चुलीकडे जाते, हे सुरुवातीलाच सांगून ठेवते. लडाखचा हा ट्रेक लेकीनं दोघींसाठी भरला होता. ऐनवेळी तिची रजा नामंजूर झाली. "आई, पैसे परत मिळत नाहीत," एवढं ती म्हणाली आणि मी ५१व्या वर्षी पाठीला सॅक लावून एकटीच निघाले.

कंपनी पुण्याची. नाव घालत नाही, आमचं भांडण अजून मिटायचंय. लेह ते लेह ९ दिवस, माणशी २७,५०० रुपये, विमानाचं तिकीट आपलं आपण. जाहिरातीत लिहिलं होतं, "वाळवंट आणि हिमशिखरं एकाच ट्रिपमध्ये, फक्त १२ जणांचा ग्रुप." लेहला उतरून मोजले तर १९. सगळी पंचविशी-तिशीतली पोरं, मी सगळ्यांची काकू. १९ जणांत शौचाचा तंबू एकच. सकाळी सहाला तिथे जी रांग लागायची ती बघून मला मेसचा पहिल्या तारखेचा दिवस आठवायचा.

पण खरी तक्रार वेगळी आहे. मूळ कार्यक्रमात सुरुवातीला लेहमध्ये ३ रात्री होत्या. निघायच्या चार दिवस आधी व्हॉट्सॲपवर निरोप आला: एक रात्र कमी करून ती शेवटी हुंदरला (नुब्रा खोऱ्यातलं वाळूच्या ढिगाऱ्यांचं गाव, तिथे उंटावर बसवतात) जोडली आहे, "सर्वांच्या आग्रहाखातर". आग्रह कुणी केला ते शेवटपर्यंत कळलं नाही. मीही तेव्हा होकाराचा अंगठा टाकून मोकळी झाले. लेह ३,५०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे विमानाचा दरवाजा उघडतो तेव्हाच आपण दोन कळसूबाई एकमेकांवर ठेवून वर उभे असतो, आणि शरीराला त्याचा पत्ताच नसतो. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून तिथे नुसतं पडून राहायची ती एक जादा रात्र उंटांसाठी कापली गेली.

तिसऱ्या दिवशी गाडीनं झंस्कार नदीच्या काठाकाठानं चिलिंगवरून स्कियूला सोडलं. चिलिंग तांबटांचं गाव. लेहजवळच्या शे गावातल्या मोठ्या बुद्धमूर्तीसाठी नेपाळहून आणलेल्या कारागिरांचे आम्ही वंशज, असं तिथली माणसं सांगतात. मला एक तांब्याचा डाव बघायचा होता, घासाघीसही करायची होती. लीडर म्हणाला, उशीर होतोय. रुखरुख राहिली.

स्कियू ते मार्खा हा चालीचा सगळ्यात लांब दिवस, वीसेक किलोमीटर. कंपनीला वाळवंट म्हणजे वाळू वाटते; मला ते इथेच भेटलं. दोन्ही बाजूला नागडे डोंगर, कुठे वीटकरी, कुठे जांभळट, गवताची काडी नाही. लेहला वर्षभरात पाऊस पडतो जेमतेम १०० मिलिमीटर, आपल्या महाबळेश्वरला तेवढा एका दिवसात होतो. धुतलेला रुमाल सॅकवर टाकला की पाऊण तासात पापड. ओठ फुटले, नाकातून रक्ताचे खडे निघाले. आणि मग वळणावर एकदम सातूचं हिरवंगार शेत, विलोची झाडं, पाटाचं पाणी. बर्फ वितळून जेवढं पाणी पाटानं आणता येतं, तेवढंच गाव.

नदी ओलांडण्याबद्दल माहितीपत्रकात एक ओळ होती: "सँडल आणाव्यात". त्यांनी लिहायला हवं होतं ते घोडेवाल्या काकांनी सांगितलं. वर दिवसभर ऊन लागलं की दुपारी नदी फुगते, म्हणून पाण्यात सकाळीच उतरायचं. आम्ही सकाळी पोटरीभर पाण्यातून गेलो. संध्याकाळी त्याच जागी मागे राहिलेली दोघं मांडीपर्यंत भिजून आली, तीही काकांच्या हाताला धरून.

मार्खा गावात होमस्टे. पाहुणे घरांना पाळीपाळीनं मिळतात, म्हणजे एकाच घराची भर होत नाही. ही पद्धत मला फार आवडली. आम्ही सातजणी ज्या घरात होतो, तिथलं स्वयंपाकघर म्हणजे सगळ्या घरातला मोठा खण. मध्ये लोखंडी चूल, तिच्यात वाळलेलं शेण, आणि भिंतभर फळ्यांवर तांब्यापितळेची भांडी अशी लखलखीत, की मला माझ्या मांडणीची लाज वाटली. घरच्या बाई, त्यांना सगळे आमा-ले म्हणत होते, कणकेच्या छोट्या गोळ्या अंगठ्यानं दाबून वाटीसारख्या करत होत्या. स्क्यू म्हणतात त्याला. बटाटा, सलगम, गाजर घालून उकळत्या रश्शात सोडायच्या. मी शेजारी बसून दाबायला लागले. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची, पण माझ्या गोळ्या जाड होतायत हे त्यांनी नुसत्या भुवईनं सांगितलं. पहिला घास घेतला आणि हसू आलं. चकोल्याच की! फोडणी नाही, गूळ-आमसूल नाही, पण नातं तेच. सकाळी भाजलेल्या सातूचं पीठ खारट लोण्याच्या चहात कालवून दिलं. पोरांनी नाकं मुरडली. आमच्या घरी आजोळहून सातूचं पीठ यायचं, मी दोन वाट्या खाल्ल्या.

पुढे हांकरनंतर वस्ती संपते, मग तंबू. तंबू बरे होते. माझ्या स्लीपिंग बॅगची चेन मात्र मधूनच उसवलेली होती. चार सेफ्टी पिना लावून निभावलं. स्लीपिंग बॅग लेहमध्येच उघडून बघा, डोंगरात बदलून मिळत नाही.

आता पाच तारे कशाचे ते. निमालिंगला, ४,८०० मीटरवर, पाणी साधारण ८४ अंशांनाच उकळतं. वाफा येतात, बुडबुडे येतात, डाळ मात्र शिजत नाही. आमचा नेपाळी कुकभाऊ सकाळी निघतानाच डाळ डब्यात भिजत घालून घोड्यावर चढवायचा आणि मुक्कामावर दोन कुकर लावायचा. एका रात्री मी विचारलं, रिंग थंडीनं कडक होत नाही का? त्यानं जॅकेटची चेन खाली केली. दोन्ही रिंगा आत, बनियनवर. रात्री तशाच घेऊन झोपतो म्हणाला. पंचवीस वर्षं कुकर लावतेय मी, हे मला सुचलं नसतं. त्या डाळीत मीठ, हळद आणि लसूण, बास. तशी डाळ मी पुन्हा खाईन असं वाटत नाही. निमालिंग म्हणजे उन्हाळी कुरण, खालच्या गावांतले लोक याक आणि शेळ्यामेंढ्या घेऊन वर येतात. एका झोपडीतून दहीही मिळालं. समोर कांग यात्से, ६,४०० मीटर, संध्याकाळी गुलाबी होतं म्हणतात. मी तेव्हा कांदा चिरत होते.

त्याच संध्याकाळी कापलेल्या रात्रीचं बिल आलं. तिघांना उलट्या. नाशिकच्या एका मुलाच्या बोटाला यंत्र लावलं तर ऑक्सिजन ६८, आणि बोलण्यात गडबडायला लागला. इथे लीडरला पूर्ण मार्क: पोरगा जेमतेम सत्तावीसचा, पण क्षणभरही घोळ घातला नाही. अंधार पडायच्या आत त्याला घोड्यावर बसवून एक मदतनीस आणि घोडेवाले काका असं खाली थाचुंगत्सेला पाठवलं. पाचशे मीटर खाली उतरल्यावर मुलगा रात्रीत सावरला. पुढचा घाट त्याचा हुकला. मागे चालत गेला आणि जिथे गाडी मिळाली तिथून लेहला. त्या गाडीचे ९,००० रुपये कंपनीनं त्याच्याकडूनच घेतले. का, तर "वैयक्तिक आरोग्याचं कारण". रात्र तुम्ही कापायची आणि आरोग्य त्याचं वैयक्तिक? मी यावर तीन ईमेल केले आहेत. उत्तरात पुढच्या ट्रिपवर दहा टक्के सवलत देऊ केली आहे.

तो घाट म्हणजे कोंगमारू ला, ५,२०० मीटरच्या वर. वीस पावलं, थांबा, वीस पावलं, थांबा. वर पताका, वारा, फोटो. चढण्यापेक्षा उतार वाईट, गुडघ्यांनी चोकदोपर्यंत शिव्या घातल्या. काठ्या दोन न्या, एक नव्हे.

आणि हुंदर. ज्याच्यासाठी हे सगळं झालं, ते वाळूचे ढिगारे दिसतात छान, मागे बर्फाचे डोंगर आहेत. पाठीवर दोन वशिंडं असलेले उंट आहेत. पाऊण तास रांग, पंधरा मिनिटं उंट. माझा उंट पूर्ण वेळ पुढच्या उंटाचं शेपूट हुंगत होता.

जायचं असेल तर जरूर जा, पण फोनवर दोनच गोष्टी विचारा: लेहमध्ये सुरुवातीच्या रात्री किती, आणि कुणाला अर्ध्यातून उतरवावं लागलं तर गाडीचे पैसे कोण देणार. उत्तर लेखी घ्या. आणि कुकभाऊ कोण आहे तेही.

परवा गुरुवारी मेसमध्ये स्क्यू केला, अंगठ्यानं दाबून, सलगमच्या जागी मुळा. दुपारी डबे परत आले तेव्हा एकात चिठ्ठी होती: "काकू, आज चकोल्या जाड झाल्यात."