परदेशी जावयाच्या कागदपत्रांच्या नावाखाली झालेली फसवणूक

लातूर जिल्ह्यातील माझ्या भाचीचा विवाह जर्मनीतील एका अभियंत्याशी ठरला, तेव्हा दोन्ही घरांची संमती होती आणि उरला होता तो केवळ कागदपत्रांचा प्रश्न. औसा तालुक्यात सोयाबीन आणि तूर पिकवणारे माझे मेहुणे ओळखीच्या ओळखीतून छत्रपती संभाजीनगरातील एका एजंटाकडे गेले, आणि त्याने ‘व्हिसासह संपूर्ण पॅकेज’ या नावाखाली त्यांच्याकडून 1,60,000 रुपये घेतले. अशी लग्ने आमच्या भागात आता नवलाईची राहिलेली नाहीत, म्हणून हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

पहिल्याच भेटीत तो म्हणाला, “काका, परदेशी माणसाचं लग्न म्हणजे लई भानगडीचं काम असतंय. तुम्ही फक्त आधार अन् फोटो द्या, बाकीचं माझ्यावर सोडा.” त्याने घातलेली मुख्य भीती अशी की, वराने जिल्ह्यात सलग 30 दिवस राहिल्याचा पुरावा नसेल तर विवाह होतच नाही आणि तो पुरावा ‘तयार करून घ्यावा’ लागतो. ही शुद्ध थाप होती. विशेष विवाह कायदा, 1954 याच्या कलम 5 प्रमाणे विवाह अधिकाऱ्याला नियोजित विवाहाची नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी किमान एकाचे वास्तव्य त्या जिल्ह्यात 30 दिवस असले की पुरते, आणि भाची तर जन्मापासून येथेच राहते. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर आक्षेपांसाठी 30 दिवस थांबावे लागते हे खरे. परंतु त्या काळात वराने येथेच मुक्काम करावा, असे हा कायदा कोठेही म्हणत नाही. जी अडचण मुळात नव्हती, ती दूर करण्याचे पैसे या माणसाने घेतले.

त्यानंतर ‘नोटिशीची कटकट नको’ म्हणून त्याने एका मंदिरात हार घालण्याचा कार्यक्रम उरकला आणि काही दिवसांनी विवाह नोंदणीचा दाखला आणून दिला. तो दाखला मी नंतर हातात घेऊन पाहिला. गोल शिक्का इतका फिकट होता की कार्यालयाचे नाव वाचता येत नव्हते, नोंदणी क्रमांकातील एक आकडा खोडून पुन्हा लिहिलेला होता, आणि वर ख्रिस्ती असूनही धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ असे छापले होते. ही शेवटची गोष्ट सर्वांत घातक आहे. हिंदू विवाह कायदा, 1955 याखालील विवाहासाठी वधू आणि वर दोघेही त्या कायद्याच्या अर्थाने हिंदू असावे लागतात. एक पक्ष ख्रिस्ती असताना त्याला न विचारता हिंदू दाखवले, तर तो दाखला खोट्यावर उभा राहतो.

पुढे अपोस्टीलचे, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर घ्यायच्या सरकारी प्रमाणनाचे, स्वतंत्र 18,000 रुपये घेतले गेले. परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टीलचे शुल्क प्रति कागद 50 रुपये असते. त्यावर अधिकृत संस्थांचा सेवा आकार लागतो, पण तो काही हजारांच्या घरात जात नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भारत 2005 पासून अपोस्टीलविषयीच्या आंतरराष्ट्रीय हेग करारात असला तरी जर्मनीने भारताच्या प्रवेशावर आक्षेप घेतलेला असल्याने भारतीय अपोस्टील तेथे चालत नाही. जर्मन दूतावास भारतीय कागदांची पडताळणी येथील वकिलांमार्फत मूळ नोंदवहीपर्यंत जाऊन करून घेतो. आमच्या बाबतीतही तसेच झाले. त्या क्रमांकावर नोंदवहीत भलत्याच जोडप्याचे नाव निघाले आणि व्हिसाचा अर्ज नामंजूर झाला. अर्जावर सही भाचीची होती, त्यामुळे खोटे कागद सादर केल्याचा ठपकाही तिच्याच नावावर आला. जर्मन भाषेची ए1, म्हणजे प्राथमिक पातळीची, परीक्षा तिने पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात स्वतः दिली होती. ‘घरपोच प्रमाणपत्र’ देण्याचा एजंटाचा प्रस्ताव तिने साफ नाकारला होता. अशा मुलीच्या वाट्याला हे यावे, याचा मला आजही संताप येतो.

आता सर्व प्रक्रिया नियमाने चालू आहे. वराने आपल्या गावच्या विवाह नोंदणी कार्यालयातून विवाहास पात्र असल्याचा दाखला आणला. त्याची मुदत 6 महिने असते. येथील नोटीसही 3 महिन्यांत विवाह न झाल्यास रद्द होते, त्यामुळे दोन्ही तारखांचा मेळ आधी घालावा लागतो. वर आमच्या घरी उतरला तेव्हा 24 तासांच्या आत परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची माहिती देणारा ‘फॉर्म सी’ ऑनलाइन भरला. घरमालकावर ही जबाबदारी असते, हे अनेकांना ठाऊक नसते. विवाहाच्या दिवशी विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदार लागतात. या सगळ्याचे शासकीय शुल्क किरकोळ आहे, आणि कोणत्याही टप्प्यावर मध्यस्थाची गरज पडली नाही.

एजंटाविरुद्ध पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली तक्रार दिली आहे. फोनवरून पाठवलेल्या रकमेचे व्यवहार क्रमांक मेहुण्यांकडे होते, ते तक्रारीत जोडता आले. रोख दिलेल्या रकमेची मात्र एकही पावती नाही. अशी रक्कम ऑनलाइन गेली असल्यास 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यात वळण्यापूर्वीच गोठवता येतात. कोणी विवाहाचा दाखला आणून दिला, तर व्हिसाच्या अर्जाला जोडण्यापूर्वी संबंधित कार्यालयात स्वतः जाऊन नोंदवहीतील क्रमांक आणि नावे वाचून घ्यावीत आणि प्रमाणित प्रत मागावी.