पापणी पडलेली, की डोळे वटारलेले?

पंचवटीतल्या मावशीला थायरॉइड आहे, ग्रेव्हजचा, म्हणजे ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते तो. त्यामुळे थकवा आला की घरात एकच निदान: "थायरॉइडच असणार." पण संध्याकाळी रामकुंडावरून आली की तिची डावी पापणी खाली यायची, आणि भाकरीचे शेवटचे घास चावताना जबडा हाताने धरावा लागायचा. सकाळी मात्र ठणठणीत.

हे थायरॉइडचं लक्षण नव्हे, मायस्थेनियाचं, म्हणजे स्नायू लवकर दमवणाऱ्या आजाराचं. ग्रेव्हजमध्ये पापणी उलट वर खेचली जाते, डोळे वटारल्यासारखे दिसतात, सूज सकाळी जास्त. मायस्थेनियात पापणी पडते. स्नायू वापरले की दमतात, विश्रांतीने सावरतात. पापणीवर दोनेक मिनिटं बर्फ धरल्यावर ती वर आली, तर संशय बळावतो. पायांचं म्हणाल तर जिना चढताना मांड्यांतली ताकद जाणं दोन्हींत होतं. तिथे नुसतं बघून हमखास फसायला होतं.

मूळ एकाच जातीचं. प्रतिकारशक्ती घरच्यांवरच उलटते. एकीकडे प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) थायरॉइडला चाबूक मारत राहतात, दुसरीकडे मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचू देत नाहीत. मायस्थेनियाच्या 100 रुग्णांत साधारण 5 ते 10 जणांना थायरॉइडचाही असा आजार असतो.

माझ्या मते खरी मेख गोळ्यांत आहे. धडधडीसाठी दिलेली प्रोप्रॅनोलॉल मायस्थेनिया बिघडवू शकते. मावशीच्या दोन डॉक्टरांच्या फायली दोन पिशव्यांत असायच्या. आता पिशवी एकच, वर गोळ्यांची यादी चिकटवलेली. गिळताना ठसका लागला किंवा श्वास अपुरा वाटला, तर थेट इमर्जन्सी. अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.