मायक्रोटिक सीएचआर वापरताय आणि स्पीड येत नाहीये? आधी हे तपासा

सहा महिने झाले, ऑफिसचं सगळं नेट मायक्रोटिकच्या सीएचआरवरून, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणाऱ्या त्यांच्या राउटर सॉफ्टवेअरवरून चाललंय, प्रॉक्समॉक्सवर (व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) एक छोटा व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) आणि त्यात राउटर, आणि मी मनापासून खूश आहे. पण सुरुवातीचे दोन दिवस डोक्याला ताप झाला होता. ३०० एमबीपीएसची लाइन आणि साधं पान उघडायला मिनिट लागतंय, केबल बदलली, स्विच बदलला, लाइनवाल्यांना तीनदा फोन केला, त्यांच्याकडे सगळं नीट. शेवटी लायसन्स उघडून बघितलं तर लेव्हल फ्री. फ्रीमध्ये प्रत्येक इंटरफेसवरून बाहेर पाठवायला फक्त १ एमबीपीएस मिळतं, आणि डाउनलोडही त्यातच अडकतं कारण ते लॅनच्या, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कच्या बाजूला राउटरच पाठवत असतो ना! कंपनीने हे स्पष्ट लिहिलेलं आहे, चूक माझी. ६० दिवसांची ट्रायल घेतली, नंतर पी१ लायसन्स घेतलं, एकदाच ४५ डॉलर आणि इंटरफेसमागे १ जीबीपीएस. आमच्यासारख्या ऑफिसला भरपूर झालं.

तरी स्पीड १८० च्या वर जाईना. व्हीएमला नेटवर्क कार्ड ई१००० लावलेलं होतं, ते खऱ्या कार्डाची नक्कल करतं त्यामुळे सीपीयू उगाच खर्च होतो, ते काढून व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच बनवलेलं कार्ड) लावलं, व्हीसीपीयू (व्हीएमला दिलेले सीपीयू) एकाचे दोन केले, मल्टिक्यूपण (पॅकेटचं काम त्या सीपीयूंवर वाटणारी सोय) दोन, आणि लाइन पूर्ण भरायला लागली. होस्टच्या, म्हणजे व्हीएम ज्या मशीनवर चालतो त्याच्या कार्डावर एलआरओ (आलेली छोटी पॅकेट जोडून मोठी करणारी सोय) चालू असेल तर तेही बंद करा, राउटिंगमध्ये ते त्रासच देतं.

आणि एक कळकळीने सांगतो, राउटरवरच बँडविड्थ टेस्ट चालवून स्पीड ठरवू नका. ती टेस्ट स्वतःच सीपीयू खाते. दोन वेगळ्या मशीन घ्या, मध्ये राउटर ठेवा, आयपर्फ३ (स्पीड मोजायचं सॉफ्टवेअर) चालवा आणि त्याचवेळी राउटरच्या टूल्समधलं प्रोफाइल उघडून बघा, सीपीयू फायरवॉल खातंय की दुसरं काही ते तिथं लगेच दिसतं.

फायरवॉल खात असेल तर फास्टट्रॅक (चालू कनेक्शनची पॅकेट फायरवॉलची बरीचशी तपासणी टाळून पुढे पाठवणारी सोय) लावा, फरक पडतो. फक्त फास्टट्रॅकमधून गेलेल्या कनेक्शनला सिंपल क्यू (स्पीड लिमिट लावायचे नियम) लागू होत नाहीत, म्हणून पाहुण्यांच्या वायफायला स्पीड लिमिट लावायचं असेल तर त्यांची आयपी रेंज फास्टट्रॅकमधून वगळा, मी तसंच ठेवलंय.